टाळी धरायला भाडेकरू हवी

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानात, दाराजवळच्या बोर्डावर ती जाहिरात लावलेली होती. बाकी सगळ्या जाहिराती छापील आणि इंग्रजीत. ही एकटीच हाताने लिहिलेली आणि मराठीत. ‘वरची खोली भाड्याने देणे आहे. किचन कॉमन. मासे तळलेले चालतील. रोज संध्याकाळी साडेसहा ते सहा पन्नास टाळी धरावी लागेल.’

मला वाटलं, घरात भजनी मंडळ असेल. तेव्हा मी एडिसनमध्ये एका मैत्रिणीच्या सोफ्यावर तीन आठवडे काढले होते. सांगलीचं माहेर, पुण्यात मोडलेलं लग्न आणि इथल्या एका इन्शुरन्स कंपनीतली टेस्टिंगची नोकरी, एवढा माझा संसार. म्हटलं, वीस मिनिटं टाळ्या वाजवायला आपलं काय जातंय? फोन केला आणि शनिवारी जाऊन धडकले.

दार उघडलं ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या, उंच, हडकुळ्या गृहस्थांनी. डोक्याला माकडटोपी, अंगात कोपरावर उसवलेला स्वेटर, आणि पायांत, घरातल्या घरात, लख्ख पॉलिश केलेले पांढरे-तपकिरी बूट. लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखे.

“काका, मी खोली बघायला...”

“खोली कुठे पळून चालली आहे? आधी टाळी. बस.”

मला बेसमेंटमध्ये नेलं. भिंतीला लागून रेकॉर्डच रेकॉर्ड, कोपऱ्यात दोन उंच ढोल, कोंगा म्हणतात ते, मधे एक फाटका सोफा. त्यांनी गुडघ्यावर थाप मारून दाखवली. टक्... टक्... टक्. मग टक् टक्. आधी तीन, मग दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. “ही क्लावे. ही धरायची. बाकी काही करायचं नाही.”

मी मनात म्हटलं, हात्तिच्या! लहानपणी सांगलीत सात वर्षं तबला शिकले होते मी. काकांनी रेकॉर्ड लावली. मी ऐटीत टाळी धरली. दोन मिनिटं झकास गेली. मग अख्खा बँड एकदम थांबला, श्वासभर शांतता झाली आणि सगळे पुन्हा धाडकन सुरू झाले. मीही सुरू झाले, पहिल्यापासून, तीनपासून. काकांनी सुई उचलली.

“तबला शिकलीस ना?”

“हो. कसं ओळखलंत?”

“आपली सगळी माणसं इथेच मरतात. वाजणं थांबलं, पुन्हा सुरू झालं, की आपल्याला वाटतं सम आली, चला पहिल्यापासून. इथे पहिल्यापासून नसतं बाई. सगळे गप्प बसले तरी टाळी आतल्या आत चालूच असते. ते परत आले तेव्हा ती दोनवर होती. तू तिला ओढून तीनवर नेलीस. पलटलीस.”

मी शरमेने लाल झाले. “मग खोली नाही का मिळणार?”

“मिळाली की. चुकल्यावर तोंड पडलं तुझं. म्हणजे कान शाबूत आहेत.”

अशी मी त्या घरात राहायला गेले. ते मला ‘सांगलीकर’ म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायची.

ह्या संगीताला जग साल्सा म्हणतं, पण काकांसमोर ‘साल्सा’ हा शब्द काढायची सोय नव्हती. “साल्सा म्हणजे चटणी! दुकानदारांनी बरणीवर चिकटवलेलं लेबल आहे ते. माल विकायला नाव लागतं म्हणून ठेवलं. आत काय आहे ते विचार ना!” मी एकदा विचारायचा मूर्खपणा केला. मी वांग्याची भाजी टाकत होते. काकांनी माझ्या हातातला मसाल्याचा डबा ओढून घेतला.

“ही मधली वाटी, हळद. ही आफ्रिका. तिथून माणसं पकडून बोटीत कोंबून आणली. बरोबर काही आणू दिलं नाही. ढोलसुद्धा नाही. पण हात तर तोडता येत नव्हते ना? हातांतून आलं सगळं. ही मोहरी, स्पेन. गिटार आणि गाणी. हळद आणि मोहरी क्युबात एका कढईत पडली, त्याचा झाला सोन. सोन म्हणजे ह्या सगळ्याचा बाप. हे जिरं, पोर्तो रिको. ही माणसं पोट भरायला न्यूयॉर्कला आली, विमानाने, स्वेटर न घेता. आणि हे तिखट म्हणजे न्यूयॉर्क. ब्रास, जॅझ, माम्बो, थंडी, गरिबी, शिव्या. ब्राँक्सच्या आणि ईस्ट हार्लेमच्या खुराड्यांतून हे सगळं शिजलं आणि मग पसरलं. कोलंबिया, व्हेनेझुएला, पेरू. जपानमध्येसुद्धा बँड आहेत! आणि तुम्ही म्हणता चटणी.”

प्रत्येक देशाबरोबर ते चमच्याने त्या त्या वाटीतलं शेजारच्या वाटीत टाकत होते. पुढचा महिनाभर आमच्या घरात जिऱ्याची फोडणी हळदीची झाली. तक्रार केली तर म्हणाले, “बघ, वेगळं करता येतंय का आता?”

ही सगळी विद्या त्यांना पुस्तकातून मिळाली नव्हती. ते चिपळूणजवळच्या एका खेड्यातले. सत्तरच्या दशकात ड्राफ्ट्समन म्हणून न्यूयॉर्कला आले, चोविसाव्या वर्षी, आणि परवडेल ती खोली ब्राँक्समध्ये मिळाली. खालच्या मजल्यावर एक पोर्तो रिकोची विधवा बाई आणि तिचे तीन मुलगे राहायचे. तिघेही वाजवणारे. उन्हाळ्यात ते इमारतीच्या पायऱ्यांवर बसून वाजवायचे आणि काका वरच्या खिडकीतून ऐकायचे. एके दिवशी बाईने त्यांना खाली बोलावलं आणि मुलांनी त्यांच्या हातात दोन जाड दांडकी दिली.

“मला वाटलं, आपल्याकडे ज्याला काही येत नाही त्याला देवळात झांजा धरायला बसवतात, तसं असेल. मग कळलं, अख्खा बँड ह्या दोन दांडक्यांवर उभा आहे. हवानाच्या गोदीत जहाजाच्या फळ्या ठोकायला लाकडी खुंट्या असायच्या, त्या हमालांनी एकमेकींवर आपटून बघितल्या म्हणे. त्याच ह्या.”

पहिल्याच उन्हाळ्यात, भर रस्त्यात, शे-दोनशे माणसं नाचत असताना, काका पलटले. ब्रेकनंतर आले ते पहिल्यापासून, गावच्या भजनात येतात तसे. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. मोठा मुलगा वाजवत राहिला, पण गाणं संपेपर्यंत त्याने काकांवरची नजर हलवली नाही. नंतर बाईने त्यांच्यापुढे भात आणि राजम्याची थाळी ठेवली आणि एवढंच म्हणाली, “पोरा, सगळं पुन्हा सुरू करायची तुला कसली घाई आहे?”

“ते एकदा,” काका म्हणायचे. “त्यानंतर आजपर्यंत नाही.” हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

काकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. काकूंना हे संगीत मुळीच आवडायचं नाही, “डबे पडल्यासारखं वाटतं” म्हणायच्या, पण पस्तीस वर्षं टाळी त्यांनीच धरली. वर कुकर लावून खाली यायच्या आणि शिट्ट्या मोजता मोजता टाळी धरायच्या. ना कधी शिट्टी चुकली, ना टाळी. काकांची मूळची दांडकी एकदा तुटली, तर ह्या महाशयांनी काकूंचं माहेरचं शिसवी लाटणं करवतीने मधोमध कापलं. काकूंनी आठ दिवस घरात पोळी केली नाही. भात खा म्हणाल्या. त्याच लाटण्याच्या दोन तुकड्यांवर काका अजून वाजवत होते. काकू गेल्यावर टाळी धरायला कोणी उरलं नाही, म्हणून ती जाहिरात.

मराठी मंडळाशी त्यांचं एकदाच फाटलं, पण चांगलं टरकन फाटलं. गणपतीच्या कार्यक्रमात काही बायकांनी ‘बॉलीवूड साल्सा’ बसवला होता. लोक जोरजोरात टाळ्या देत होते, प्रत्येक मात्रेला एक, कपडे धुतल्यासारख्या. काका त्या बुटांसकट स्टेजवर चढले, माइक घेतला आणि म्हणाले, “मंडळी, भगिनी उत्तम नाचताहेत. फक्त एक नम्र विनंती. टाळ्या वाजवू नका, तुम्हाला येत नाहीत.” पुढचं वर्षभर मंडळाची ईमेल आली नाही. मोदक मात्र सेक्रेटरीच्या बायकोने गुपचूप घरी आणून दिले.

माझ्या आईकडून मला दोन गोष्टी आल्या, कुरळे केस आणि काळजी. त्यामुळे काकांचं काहीतरी बिनसतंय हे मला सगळ्यांत आधी दिसलं, आणि दिसल्यावर झोप उडाली. किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या. एकाच दुपारी त्यांनी मला तीनदा विचारलं, जेवलीस का. एकदा दूध आणायला म्हणून ड्राइव्ह करत गेले ते अडीच तासांनी परत आले, दूध न घेता, आणि म्हणाले, “रस्त्याची कामं काढलीत यांनी.” रस्त्याची कामं कुठेच नव्हती. मी जाऊन बघून आले.

त्यांची मुलगी नीता कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते. इथेच जन्मलेली, मराठी समजतं, बोलताना निम्मं इंग्रजी. ती दर रविवारी मला फोन करायची. “बाबा कसे आहेत? प्लीज, खरं सांग. मला इथून काही कळत नाही. आय अॅम सो वरीड. इकडे त्यांच्यासाठी खालची रूम रेडी आहे. फक्त ड्रम्स पॉसिबल नाहीत, आमचं टाउनहाऊस आहे ना, दोन्ही साइडला लोक.” वाईट मुलगी नव्हती ती. बापासाठी जीव तुटत होता तिचा. पण ते बेसमेंट, त्या रेकॉर्डी, काकूंचा कुकर सोडून काका फ्रीमाँटच्या एका शांत खोलीत बसलेत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मी विषय बदलायची. आणि खोटं कशाला बोलू? ते घर गेलं असतं तर मीही पुन्हा सोफ्यावर आले असते.

काकांना हे फोन ठाऊक होते. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी टाळी झाल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“सांगलीकर, हेरगिरी कुठवर आली?”

मी रेकॉर्ड कव्हरात घालायला घेतली.

“ऐक. किल्ल्या विसरलो, सांगू नकोस. जेवलो की नाही विसरलो, सांगू नकोस. रस्ता चुकलो, तर माणूस चुकतो, गाडीत नकाशा बोलतो. पण ज्या दिवशी माझी क्लावे पलटेल आणि मला ती पलटलेली कळणार नाही, त्या दिवशी नीताला फोन करायचा. त्याच दिवशी. मी भांडणार नाही, बॅग भरीन. त्याच्या आधी एक शब्द नाही. घे शपथ.”

“कोणाची?”

“लाटण्याची.”

हसत हसत मी त्या दोन तुकड्यांवर हात ठेवला. त्यानंतर मात्र मला हसू आलं नाही. रोजची वीस मिनिटं म्हणजे परीक्षा झाली, आणि परीक्षक कोण, तर जी पहिल्याच दिवशी नापास झाली होती ती! माझीच टाळी चुकली आणि मी त्यांना चुकीचं ठरवलं तर? एका म्हाताऱ्या माणसाचं घर माझ्या कानाच्या भरवशावर उभं होतं. मी ऑफिसला जाताना गाडीत स्टिअरिंगवर क्लावे धरायची. सिग्नलला धरायची. मीटिंगमध्ये टेबलाखाली मांडीवर धरायची. मॅनेजरने एकदा विचारलं, आर यू नर्व्हस अबाउट समथिंग? काय सांगणार त्याला, कप्पाळ!

दोन-तीनदा वाटलं, गेली, पलटली. आणि तेवढ्यात काका डोळे उघडून म्हणायचे, “पलटलीस गं. सम शोधलीस पुन्हा.” रेकॉर्ड मागे नेऊन बघितलं तर खरंच मीच पलटलेली असायची. चुकल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नसेल. “चुकले काका, चुकले!” म्हणत मी मनातल्या मनात गणपतीला नारळ कबूल करायची. हळूहळू माझं चुकणं थांबलं. तिथूनच खरी पंचाईत सुरू झाली.

डिसेंबरमध्ये, बाहेर बर्फ साचलं होतं त्या संध्याकाळी, ब्रेक आला. बँड थांबला. माझ्या आत टाळी चालू होती, स्पष्ट, घड्याळासारखी. सगळे परत आले ते दोनवर, मी दोन दिले. आणि काकांनी तीन दिले. पहिल्यापासून. गावच्या भजनात येतात तसे. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर पुरं समाधान होतं. त्यांनी डोळे उघडले, माझे हात बघितले आणि हसून म्हणाले, “पलटलीस गं.”

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. शपथ घेतली होती. मी टाळी पलटवली, त्यांच्या चुकीच्या टाळीवर नेऊन ठेवली आणि म्हणाले, “चुकले काका.”

रेकॉर्ड एकीकडे चालली होती आणि आम्ही दोघं मिळून दुसरीकडे. खात्रीसाठी मी दुसऱ्या दिवशी फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये, हीटर लावून, गाडीत बसून ऐकलं. अकरा वेळा ऐकलं. काका चुकत होते. रविवारी नीताला म्हणाले, “सगळं ठीक आहे.”

आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, मग दोनदा, मग फेब्रुवारी उजाडेपर्यंत रोज. रोज ते म्हणायचे, पलटलीस गं. रोज मी म्हणायची, चुकले काका. त्यांच्या आवाजातली गंमत हळूहळू कमी झाली, ते माझ्याकडे जरा निरखून बघायला लागले. मला वाटलं, त्यांना संशय आला. तिकडे नीतानेही एका रविवारी एकदम विचारलं, “अँड यू? तू बरी आहेस ना? काही प्रॉब्लेम असेल तर सांग.” मी दचकले. हिला का हे सुचलं असेल, ह्या विचाराने मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मी भाजी आणायला गेले होते. अकराच्या सुमारास गाडी ड्राइव्हवेमध्ये वळवली तर घरातून स्मोक अलार्मची किंकाळी. पिशव्या टाकून धावले. किचन धुराने भरलेलं. गॅसवर फोडणीचं कढलं काळं ठिक्कर पडून धुमसत होतं, बाजूचा पेपर टॉवेलचा रोल पेटलेला आणि खिडकीच्या पडद्याची कड लाल होऊन कुरतडली जात होती. मी गॅस बंद केला, कढल्यावर झाकण आपटलं, पडदा दांडीसकट ओढून सिंकमध्ये घातला, रोलवर पातेलंभर पाणी ओतलं. हाताला चटका बसला तो नंतर कळला. “काका! काका!” ओरडत मी बेसमेंटमध्ये उतरले.

काका सोफ्यावर बसले होते. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, हातांत लाटण्याचे तुकडे. मी खांद्याला हात लावल्यावर त्यांनी हेडफोन काढले. वर अलार्म कोकलत होता. त्यांनी प्रसन्नपणे विचारलं, “आलीस? मेथी मिळाली का?”

मी खालच्या पायरीवर बसून रडले. भीतीने रडले आणि स्वतःवरच्या संतापाने रडले. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर? मी लपवलं म्हणून हा माणूस जळून मेला असता, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले असते की मी काकांची किती काळजी घेत होते. फोन हातात घेतला. पण गॅसबद्दल फोन करायचा नाही, असं ठरलं होतं. जे ठरलं होतं ते मी तीन महिने केलं नव्हतं. तेच आधी करायचं.

साडेसहाला खाली गेले. हाताला मलम लावून पट्टी बांधली होती. काकांनी रेकॉर्ड लावली. मी सोफ्याच्या कडेला टेकले. ब्रेक आला. बँड परत आला. मी दोन दिले, काकांनी तीन.

“पलटलीस गं.”

मी टाळी सोडली नाही. “नाही काका.”

“अगं, पलटलीस. ऐक.”

“नाही. मी नाही पलटले. तुम्ही पलटलात.”

त्यांचे हात थांबले. आता फक्त रेकॉर्ड आणि माझी टाळी. त्यांनी मान तिरकी करून कान लावला. ओठ हलत होते, एक दोन, एक दोन तीन. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला बघवलं नाही, मी पट्टीकडे बघत राहिले. गाणं संपलं. सुई खरखरत फिरत राहिली.

“आजच?” त्यांनी विचारलं.

हो म्हणता आलं असतं. “डिसेंबरपासून.”

“किती वेळा?”

“आधी अधूनमधून. आता रोज.”

“आणि तू काय करत होतीस?”

“मी तुमच्याबरोबर पलटत होते, काका.”

मी त्यांना त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. “माझ्याबरोबर? टाळीवाल्याने कुणाच्या बरोबर जायचं नसतं! बाकीच्यांनी टाळीवर यायचं असतं! माणूस बघून टाळी बदलायची असती तर तुला कशाला ठेवली? माझी बायको पस्तीस वर्षं ह्या सोफ्यावर बसली. तिला आवडत नव्हतं, तरी एकदा माझ्यासाठी पलटली नाही! आणि तू रोज मला म्हणत होतीस, चुकले काका, चुकले काका. मला वाटलं, ह्या पोरीचं काहीतरी बिनसलंय. इतकी छान धरत होती, आता रोज चुकते, मेंदूबिंदूचं काही नसेल ना! नीताला सांगितलं मी. म्हटलं, ती एकटी आहे इथे, जरा चौकशी करत जा तिची.”

मला एकदम तो रविवार आठवला. अँड यू? तू बरी आहेस ना? तीन महिने मी त्यांची काळजी करत होते आणि ते माझी.

काकांचा राग गेला तसा आवाजही गेला. त्यांनी लाटण्याचे तुकडे मांडीवर ठेवले, एकावर एक. माझ्या पट्टीकडे बघितलं. “हे काय?”

मी सगळं सांगितलं. कढलं, पडदा, रोल. त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या.

“फोन लाव,” म्हणाले. “नको, दे इकडे. मी बोलतो.”

तिकडून नीताचा घाबरा आवाज आला, “बाबा? काय झालं?”

“काही नाही गं. तिकीट काढ माझं. नाही, भांडत नाही. शब्द दिला होता. आणि हो, ती बरी आहे. तिला काही झालेलं नाही. मलाच झालंय.”

एप्रिलमध्ये नीता येऊन त्यांना घेऊन गेली. रेकॉर्डी ब्राँक्समधल्या त्या बाईच्या नातवाने नेल्या, तोही वाजवतो. एअरपोर्टवर काकांनी माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले लाटण्याचे तुकडे दिले. मी नको नको म्हणत होते.

“घे. तिकडे भिंती पातळ आहेत.” आणि मग, पाठ फिरवता फिरवता, “चुकलीस, पण शेवटी सांगितलंस. एक दिवस आधी सांगितलं असतंस तर पडदा वाचला असता.”

मी रडत रडत हसले. ते त्या पांढऱ्या-तपकिरी बुटांत टाकटाक चालत गेले. वळून बघितलं नाही.

आता मी जवळच एका अपार्टमेंटमध्ये राहते. रोज साडेसहाला व्हिडिओ कॉल लावते, तिकडे दुपारचे साडेतीन असतात. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी टाळी धरून बघितली. माझी टाळी त्यांच्याकडे उशिरा पोचायची, त्यांची माझ्याकडे. दोघांनाही दुसरा पलटल्यासारखा वाटायचा. नुसता गोंधळ! शेवटी काका म्हणाले, तू धर, मी ऐकतो. तेव्हापासून मी धरते आणि ते ऐकतात. कधी ओळखतात, कधी नीताला विचारतात, ही कोण? पण टाळी सुरू झाली की मान डोलायला लागते.

गेल्या आठवड्यात ब्रेक आला. बँड परत आला, मी दोन दिले. स्क्रीनवरून काकांचा आवाज आला, अगदी जुन्यासारखा, “पलटलीस गं.”

ते मला तपासत होते की त्यांना खरंच तसं ऐकू येत होतं? खूप वाटलं, पलटावं. एकदाच. इतक्या लांबून कोणाचं काय जळणार आहे?

“नाही काका,” मी म्हणाले.

ते स्क्रीनच्या जवळ आले. माझ्याकडे, माझ्या हातांकडे खूप वेळ बघत राहिले. मागून नीता काहीतरी म्हणाली, तिला त्यांनी हाताने गप्प केलं.

“मग धर,” म्हणाले. “सोडू नकोस.”

मी धरून ठेवली. सहा पन्नास वाजून गेले तरी धरून ठेवली.